भिंतीवरच्या शेवाळाचा अर्क फवारल्यास पिकाची वाढ जोमाने होते का?

विहिरीच्या कठड्यावर पावसाळ्यात माजणारे शेवाळ वाटून त्याचा अर्क भाजीवर फवारल्यास विकतच्या टॉनिकचा खर्च वाचेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, आज तरी त्या भरवशावर टॉनिक बंद करू नये.

आपण शेवाळ या एकाच शब्दात बऱ्याच वनस्पती कोंबतो. दुकानात मिळणारा शेवाळ अर्क समुद्रातल्या शेवाळाचा असतो. कठड्यावर असतात ती मॉस (मखमलीसारखा हिरवा थर धरणारी) आणि यकृतका (इंग्रजीत लिव्हरवर्ट, ओलाव्यात पसरणाऱ्या लहान वनस्पती), म्हणजे वेगळ्याच कुळातल्या वनस्पती. त्यामुळे एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर मांडता येत नाही. मॉस आणि यकृतका स्वतःच्या वाढीसाठी ऑक्सिन व सायटोकायनिन ही संजीवके तयार करतात, हे खरे आहे आणि आपली आशा त्यामुळे अगदीच निराधार नाही. परंतु यकृतकांमध्ये ल्युन्युलारिक आम्लही असते आणि ते वाढ रोखणारे आहे.

हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या चिऱ्याच्या कठड्यावर मार्कॅन्शिया नावाची यकृतका पसरते. तिच्या चपट्या, दुभंगत जाणाऱ्या हिरव्या पट्ट्यांवर इवल्या वाट्या असतात आणि पावसाचा थेंब पडला की त्यांतल्या हिरव्या टिकल्या उडून दूर जाऊन रुजतात. त्या पट्ट्या माती निघेपर्यंत धुतल्या, पाट्यावर वाटून फडक्यातून पिळल्या आणि ओल्या कापडावर मेथीचे दाणे ठेवले. तिसऱ्या दिवशी साध्या पाण्यातल्या दाण्यांना छान मुळे फुटली होती, निव्वळ अर्कातले दाणे फुगून तसेच राहिले होते, आणि वीसपट पाणी घातलेल्या अर्कातले दाणे साध्या पाण्यातल्यांसारखेच दिसत होते. याला वाढ म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मला खरी आशा वाटते ती बुरशीच्या बाबतीत. यकृतकांतील मार्कॅन्टिनसारखी संयुगे प्रयोगशाळेत बुरशीला आवर घालताना आढळली आहेत, आणि सदैव ओल्या राहणाऱ्या या नाजूक वनस्पती सहसा कुजत नाहीत, हे आपणही पाहिले असेल. शेतावरचा डोस मात्र त्यावरून काढता येणार नाही.

प्रयोग करायचाच असेल, तर रस्त्याकडेचे मॉस मुळीच घेऊ नका. मॉस हवेतले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून धरते, इतके की हवेचे प्रदूषण मोजण्यासाठी त्याचा वापर होतो. ते पालेभाजीवर जायला नको. सह्याद्रीतल्या कातळावरचेही खरवडू नका, कारण तो थर पुन्हा धरायला वर्षे लागतात. रोपवाटिकेतल्या कुंड्यांवर मार्कॅन्शिया तणासारखी वाढते आणि माळी ती काढून फेकतात, तीच मागून घ्या. अर्क भरपूर पातळ करा, आधी मेथीच्या दाण्यांवर पाहा, मग एकाच वयाची दहा रोपे घेऊन पाचांवर अर्क आणि पाचांवर साधे पाणी फवारा, आणि पंधरा दिवसांनी उंची मोजून मगच वाफ्याकडे वळा.