सारख्याच वयाच्या दोघांपैकी एकाचीच स्मरणशक्ती का घसरते? मेंदूच्या स्कॅनवरून आधी कळतं का?

गटाच्या पातळीवर थोडंफार कळतं. एका माणसापुरतं अजून नाही.

मेंदूतली कामं जाळ्यांमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या भागांच्या गटांमध्ये, वाटलेली असतात. तरुणपणी प्रत्येक जाळं आतून घट्ट आणि शेजारच्यापासून बऱ्यापैकी वेगळं असतं. वयानुसार ही कुंपणं विरत जातात. ज्यांची कमी विरतात त्यांची स्मरणशक्ती सरासरीने चांगली दिसते. दुसरी बाब जोडणीची: बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की पांढऱ्या द्रव्यात (भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये) डाग पडतात आणि बहुधा आधी विचारांचा वेग मंदावतो.

खरी मेख मोजमापात आहे. ही जाळी विश्रांतीतल्या एफएमआरआयने (मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनने) मोजतात: त्यात माणूस नुसता पडून राहतो आणि कोणत्या भागांचे सिग्नल एकत्र वरखाली होतात ते पाहतात. ५ मिनिटांचा स्कॅन एका व्यक्तीसाठी तोकडाच. पुन्हा केला तर आकडे बदलतात. डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी जवळच्या भागांचे संबंध फुगतात, लांबचे घटतात. वृद्ध जास्त हलतात, त्यामुळे ‘वयाचा परिणाम’ कधीकधी निव्वळ हालचाल निघते! शिवाय हा सिग्नल रक्तातल्या ऑक्सिजनचा, चेतापेशींचा थेट नव्हे, कॉफीनेसुद्धा बदलतो.

घरच्या कुणासाठी विचारत असाल तर या स्कॅनच्या मागे लागू नका. स्मरणशक्तीची चाचणी आत्ता आणि ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा करून घ्या. एका आकड्यापेक्षा दोन चाचण्यांमधला बदल जास्त सांगतो. सोबत रक्तदाब, बी१२, थायरॉईड, ऐकू येणं आणि चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.