पोरं तिसऱ्या व्हिडिओलाच का थांबतात?

प्रश्न : बाई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षासाठी सुट्टीत अकाउंटन्सीचा ऑनलाइन कोर्स तयार केला. ४५ मिनिटांचे २२ व्हिडिओ, प्रत्येकाची पीपीटी आणि शेवटी ५० मार्कांची एक टेस्ट. घसा बसेपर्यंत बोलले. ६४ मुलांपैकी तिसऱ्या व्हिडिओनंतर ११ उरली. विचारलं की म्हणतात, "मॅडम, नंतर बघतो." माझं चुकलं कुठे? सगळं पुन्हा रेकॉर्ड करू का?

उत्तर : पुन्हा रेकॉर्ड करू नका. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, फक्त ती चुकीच्या जागी जास्त झाली आहे. माझीही तशीच झाली होती, म्हणून आधी तेच सांगते.

२०२० साली मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि पुढे सगळं शिकवणं फोनवर आलं. बेळगावात टिळकवाडीतल्या घरी रात्री रस्ता शांत झाला की मी वर्गातलं व्याख्यान जसंच्या तसं फोनसमोर म्हणायचे. वर्गात जांबोटीकडची एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची, खतावणी, म्हणजे खात्यांची वही, इतकी नेटकी लिहायची की तिची वही मी दुसऱ्यांना दाखवायचे. ऑनलाइन सुरू झाल्यावर तिच्याकडून एकही गणित आलं नाही. मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत गेले. दसऱ्यानंतर ती भेटली तेव्हा कळलं, घरात फोन एकच, आणि तो भावाबरोबर उद्यमबागच्या कारखान्यात जायचा. संध्याकाळी फोन घरी यायचा, पण रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर जावं लागायचं. त्या भागातला जुलैचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. काळोखात, धो धो पावसात कुठली आई मुलीला टेकाडावर पाठवेल? दिवसा तर रोप लावणी चाललेली. ती माझ्यावर रागावली नव्हती. "बाई, मला वाटलं मीच मागे पडले," एवढंच म्हणाली. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

तेव्हापासून कुठलाही कोर्स मी विषयापासून सुरू करत नाही. आधी एक कोरा कागद घेते आणि वर्गातल्या पाच मुलांचा दिवस लिहिते. फोन कुणाचा, किती वाजता हातात येतो, बस किती वाजताची, रेंज कुठे येते, घरी काम काय. तुम्हीही मुलांना विचारा. पहिल्या तासाला चिठ्ठ्या लिहून घेतल्या तर अर्ध्या तासात सगळं कळतं.

आता तुमचा व्हिडिओ त्या दिवसात बसवून बघा. चांगल्या प्रतीचं चित्र सेकंदाला साधारण दीड मेगाबिट खातं. ४५ मिनिटांचे झाले जवळजवळ ५०० एमबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमधला एक तृतीयांश तुमच्या एका तासाने संपला. तोच भाग सहा मिनिटांचा आणि हलक्या प्रतीचा केला तर वीस-पंचवीस एमबीत जातो. नुसता आवाज ठेवला तर सहा मिनिटांना दीड एमबी पुरतो, तो बसस्टँडवरही उतरतो. म्हणून माझा नियम असा, की प्रत्येक भागाचा आवाज वेगळा द्यायचा आणि सोबत सोडवलेल्या गणिताचा एका पानाचा फोटो द्यायचा. व्हिडिओ ज्याला परवडेल त्याने बघावा. आवाज आणि पान एवढ्यावरही धडा पुरा झाला पाहिजे.

सहा मिनिटं मी उगाच म्हटलं नाही. २०१४ साली फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सेसमधली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारा साधारणपणे फार तर सहा मिनिटंच टिकतो, असं त्यांना दिसलं. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली आणि ती मला फार खरी वाटते. वर्गातल्या तासाचं रेकॉर्डिंग कापून दिलेले तुकडे मुलं कमी बघतात, मुद्दाम ऑनलाइनसाठी केलेलं जास्त. तेव्हा तुमच्या ४५ मिनिटांचे नुसते सात तुकडे करून भागणार नाही. पण प्रत्येक व्हिडिओत एक जागा अशी असेल जिथे तुम्ही गणित हाताने सोडवून दाखवलं आहे. तेवढी सहा मिनिटं ठेवा. प्रस्तावना, व्याख्या आणि इतिहास काढून कागदावर द्या.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात २२ व्हिडिओ आहेत, पीपीटी आहे, शेवटची टेस्ट आहे. मधल्या सगळ्या आठवड्यांत मूल हाताने काय करतं, हे कुठेच नाही. अकाउंटन्सी ऐकून कुणाला आली आहे? आपल्यालाही कुणीतरी किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायला बसवलं, चुकलेल्या ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा आली. २००६ साली रोडिगर आणि कारपिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षा शेवटी एकदाच ठेवली की शिकण्याची हीच संधी आपण हातची घालवतो.

एक नमुना देते. घसाऱ्याचा, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दर वर्षी घटते त्या हिशेबाचा, आठवडा घ्या. आधी शेवट ठरवा : रविवारी रात्री मुलाला काय करता आलं पाहिजे? "घसारा समजला पाहिजे" असं लिहू नका, ते मोजता येत नाही. "एका यंत्राचा तीन वर्षांचा घसारा दोन्ही पद्धतींनी काढून यंत्र खातं लिहिता आलं पाहिजे" असं लिहा. मग यंत्र निवडा. पुस्तकात 'अ कंपनी' असते. मी पॉवर टिलर घेते, कारण आमच्या मुलांनी तो चालवलेला असतो. किंमत १,८०,००० रुपये, पाच वर्षांनी मोडीत ३०,००० येतील. स्थिर हप्ता पद्धतीने, म्हणजे दर वर्षी सारखाच, ३०,०००. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या किमतीवर, २० टक्के दराने पहिल्या वर्षी ३६,०००. इथे थांबायचं आणि विचारायचं, दुसऱ्या वर्षी किती?

पर्याय देताना काळजी घ्या, अख्ख्या कोर्समध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच जागा. मी चार आकडे देते : २८,८००, ३६,०००, २४,००० आणि ३०,०००. पहिला बरोबर, कारण १,४४,००० चे २० टक्के. ३६,००० म्हणणाऱ्याने पुन्हा मूळ किमतीवरच टक्के काढले. २४,००० म्हणणाऱ्याने मोडीची किंमत आधीच वजा केली, जी या पद्धतीत करायची नसते. ३०,००० म्हणणारा अजून पहिल्या पद्धतीतच आहे. म्हणजे प्रत्येक चुकीच्या आकड्यामागे चुकण्याची एक वेगळी वाट आहे. गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्नाला, उत्तर चुकलं तर दिसेल असा मजकूर लिहिता येतो. तिथे "चूक" एवढंच लिहू नका. "३६,००० आलं असेल तर बघ, वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक किती होती?" असं लिहा. रात्री अकरा वाजता टेकाडावरून उतरलेल्या मुलाला तुमचा आवाज तेव्हा ऐकू येतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खानापूर म्हटल्यावर मला बोलावंच लागेल. तुमची निम्मी तरी मुलं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी शाळेत शिकलेली असणार. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी आलं, शेजारच्या बाकावरचा कन्नड शाळेतून आलेला. त्यांना 'घसारा' माहीत असतो, 'डेप्रिसिएशन' पाठ करावं लागतं, आणि दोन्ही एकच आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. मी प्रत्येक धड्याला तीन रकान्यांचं एक पान द्यायचे : मराठी, कन्नड, इंग्रजी. नावे आणि जमा म्हणजे डेबिट आणि क्रेडिट, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स. कन्नडचा रकाना वर्गातल्या कन्नड मुलांकडून भरून घ्यायचे आणि तो भरताना दोन्हीकडची मुलं एकमेकांशी बोलायला लागायची. आवाजात समजावताना मराठीत बोला, फळ्यावर शब्द इंग्रजीच लिहा. पेपर इंग्रजीत सोडवायचा आहे, त्यापासून मुलांना दूर ठेवणं ही माया नव्हे.

शेवटी तुमच्या वेळेचं. गेस्ट लेक्चररला किती तास आणि किती पगार असतो ते मी जवळून पाहिलं आहे. ६४ जणांना रोज उत्तर देणं जमणार नाही आणि देऊही नका. आठवड्याला एक वार ठरवा. सोमवारी धडा, रविवारी रात्री दहाला गणित पाठवायची मुदत, मंगळवारी तुमचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज : या आठवड्यात सगळ्यांचं कुठे अडलं. त्यात दोन-तीन मुलांची नावं घ्या, चांगलं केलं म्हणून. ज्याचं गणित दोन रविवार आलं नाही त्याला मेसेज करू नका, फोन करा. माझ्या त्या मुलीला मी जुलैमध्ये एक फोन केला असता तर पुरे होतं.

२२ भागांचा कोर्स आत्ता बाजूला ठेवा. घसाऱ्याचा एक आठवडा असा करून बघा आणि किती जणांचं गणित आलं ते मला कळवा.

प्रश्न : बेळगाव शहरात शिकवतो. ऑनलाइन टेस्टमध्ये सगळ्यांना २० पैकी १८, १९. तोच पेपर वर्गात घेतला तर ६ आणि ७. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करावी का?

उत्तर : सर, नको. एका खोलीच्या घरात मागे आजी झोपलेली असते, ते सगळ्या वर्गाला दिसावं असं कुठल्याच मुलाला वाटत नाही. आणि कॅमेऱ्याने डेटा जातो तो वेगळाच.

प्रश्नच प्रत्येकाचा वेगळा करा. यंत्राची किंमत १,८०,००० अधिक रोल नंबर गुणिले १००, एवढं लिहिलं की रोल नंबर १७ चं यंत्र १,८१,७०० चं झालं आणि उत्तर उचलता येत नाही. पद्धत मित्राला विचारली तर विचारू द्या, त्याला अभ्यास म्हणतात. मग दर आठवड्याला पाच मुलं निवडून त्यांच्याकडून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवा : तुझ्या गणितातली तिसरी ओळ तू अशी का लिहिलीस? स्वतः केलेलं असेल तर अडखळत का होईना, सांगता येतं. साप्ताहिक टेस्टला मार्क अगदी थोडे ठेवा. जिथे मार्क जास्त, तिथे भीती जास्त आणि नक्कलही जास्त. मोठी परीक्षा वर्गातच घ्या.

प्रश्न : मॅडम, मी निपाणीजवळच्या गावचा, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला. सकाळी दुकानात काम करतो. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन संकेतस्थळावर एक कोर्स घेतला आहे, पण सगळं इंग्रजीत. व्हिडिओ बघतो, डोक्यात काही राहत नाही. सोडून देऊ का?

उत्तर : बाळ, लगेच सोडू नकोस. तीन आठवडे मी सांगते तसं करून बघ.

व्हिडिओ आधी लावू नकोस. 'स्वयम'च्या कोर्सची रचनाच चार भागांची आहे : व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा आणि स्वतःची चाचणी. तू पहिल्यातच अडकला आहेस. आठवड्याचे चाचणीचे प्रश्न आधी वाच. न कळलेले शब्द वहीत लिही, शेजारी मराठी अर्थ. मग लेखी मजकूर मिळत असेल तर तो वाच आणि त्यानंतर व्हिडिओ लाव, थोडा हळू करून. दर पाच मिनिटांनी थांबव, फोन उलटा ठेव आणि आत्ता काय ऐकलं ते मराठीत दोन ओळीत लिही. लिहिता आलं नाही तर तेवढाच भाग पुन्हा. सुरुवातीला एक व्हिडिओ संपायला तास लागेल. लागू दे. दुकानातून आल्यावर रोज अर्धा तास दे, रविवारी एकदम चार तास बसू नकोस.

दुसरं, आजच कॉलेजात जाऊन विचार की या कोर्सचे क्रेडिट तुझ्या पदवीत धरणार का. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून घेता येतात, पण कुठला कोर्स चालेल ते तुझं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. होकार मिळाला तर लेखी घे. कोर्सच्या पानावर गृहपाठाला किती मार्क आणि परीक्षेला किती तेही बघून ठेव. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमातला, असेल तर २५ आणि ७५ असतात, आणि गृहपाठाची मुदत एकदा गेली की परत येत नाही. त्या सगळ्या तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही, मालकालाही दाखव.

तीन आठवड्यांनी तुझ्या मराठी ओळींच्या वहीचं एक पान मला पाठव. अडलेल्या जागेखाली रेघ मारून.