नंबर राहू दे, सीटा मोज

अगं, तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. अग्निशमन दलात महिना झाला तरी 703 आणि 703बी या दोन इंजिनांमध्ये, म्हणजे आगीच्या बंबांमध्ये, गोंधळ होतो म्हणून रडकुंडीला आलीस? होईल गं पाठ. आधीचा 7 म्हणजे तुमची मेरीलँडमधली मॉन्टगोमेरी काउंटी, पुढचा 03 म्हणजे रॉकव्हिलचं तीन नंबर स्टेशन. नदीपलीकडच्या फेअरफॅक्स काउंटीचा आकडा 4, म्हणून मॅक्लीनची गाडी 401, आणि प्रिन्स जॉर्जेसचा 8. सगळे एकमेकांच्या हद्दीत धावतात, तिथे रेडिओवर नुसतं 'इंजिन 1' म्हणून कसं चालेल? बी म्हणजे त्याच स्टेशनचं दुसरं इंजिन, धाकटं-थोरलं काही नाही त्यात. आणि गाडी गॅरेजला गेली की स्पेअर गाडी तोच नंबर घेऊन धावते, म्हणजे नंबर लोखंडाचा नाहीच मुळी, आत बसलेल्यांचा आहे. म्हणून सांगतो, सीटा मोज.

2010 साली निस्टचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेचा, रिपोर्ट आला, त्याचे प्रयोग तुमच्याच, तेव्हा रॉकव्हिलला असलेल्या ट्रेनिंग अकॅडमीत झालेत. घराच्या आगीतली 22 कामं, आणि इंजिनावर दोन, तीन, चार असे क्रू लावून बघितले. चौघांनी तिघांपेक्षा साधारण पाच मिनिटं वाचवली, दोघांपेक्षा सात. म्हणजे तिसऱ्या माणसाने वाचतात जेमतेम दोन मिनिटं, खरा फरक पडतो तो चौथ्याने. शिवाय दोघं आत गेले तर दोघं बाहेर हवेत, हा ओशाचा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेच्या सरकारी खात्याचा, नियमच आहे, फक्त कुणाचा जीव आत अडकलाय हे कळलं तरच सूट.

माझी काउंटी वेगळी, नाव नको. मी ऑफिसरच्या सीटवर होतो, पहाटे तीनचा कॉल, चौथा आलाच नाही. मी रेडिओवर 'निघालो' एवढंच बोललो, 'तिघं आहोत' म्हणालो नाही. लाज वाटली, दुसरं काय! घरात माणूस नव्हतं. पाण्याने टणक झालेला होज हातात धरून मी आणि एक पोरगा दारात उभे, पंपावर एकटा ड्रायव्हर, आणि दुसऱ्या इंजिनची वाट बघतोय. आतून कुत्रं भुंकत होतं. मग थांबलं.

आता तू म्हणशील गाडी काढायलाच नको होती. का नको? उभी ठेवून काय मिळालं असतं? गाडी काढली ते मी आजही बरोबरच म्हणतो, बायकोशी यावरून कितीदा वाद झालाय. पण तोंड उघडलं असतं तर डिस्पॅचने, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या कंट्रोल रूमने, तेव्हाच आणखी एक इंजिन सोडलं असतं, निदान मी तरी तसंच धरून चाललोय इतकी वर्षं.

आणि 'काका, मी नवीन, मी कशी बोलू' हे मला ऐकवू नकोस. सीटा मोजायला सिनिऑरिटी लागत नाही. तीन दिसले तर ऑफिसरला विचार, रेडिओवर सांगितलं का म्हणून. चिडला तर चिडू दे.

शनिवारी ड्युटी आहे ना तुझी? बेल्ट लावलास की आधी मोज, आणि परत आल्यावर मला फक्त तो आकडा पाठव. 703 का 703बी ते नाही लिहिलंस तरी चालेल.