साल्साला ‘सामाजिक नृत्य’ म्हणावं का?

साल्सा या लॅटिन अमेरिकी जोडीनाचावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘सोशल डान्स’ला, म्हणजे आधी न बसवता, आपल्याच आनंदासाठी केलेल्या नाचाला, ‘सामाजिक नृत्य’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. मराठीत ‘सामाजिक’ म्हटलं की कार्य, बांधिलकी, प्रश्न हेच डोळ्यांसमोर येतं. सामाजिक नाटक म्हणजे समाजाच्या प्रश्नावरचं नाटक. त्याच चालीवर सामाजिक नृत्य म्हणजे काही संदेश देणारं नृत्य, असंच कुणालाही वाटेल. ‘समूहनृत्य’ तर आणखी दूरचं, कारण ते आधी बसवलेलं असतं आणि प्रेक्षकांसाठी असतं.

असा साल्सा नाचताना आधी बसवलेलं काही नसतं, आणि तो जगभर पसरला त्याचं एक मोठं कारण मला इथेच दिसतं. साल्साच्या संगीताची मुळं क्यूबाच्या सोन आणि मांबो या संगीतप्रकारांत. ‘साल्सा’ हे नाव मात्र रूढ झालं न्यूयॉर्कमध्ये, पोर्तो रिको आणि क्यूबाहून आलेल्या लोकांच्या वस्त्यांत. संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी १९६४ साली काढलेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीने ते दूरवर नेलं. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे सॉस. टीटो पुएन्ते यांच्यासारख्या दिग्गज वादकाला हे नाव अजिबात रुचलं नव्हतं, कारण ते स्वतः जे वाजवत होते ते मांबोच होतं.

नाचाचं गणित आठ मात्रांचं. पावलं १-२-३ आणि ५-६-७ वर पडतात, ४ आणि ८ ला विसावा. पहिल्या मात्रेवर नाचण्याच्या पद्धतीत ‘लीड’ करणारा, म्हणजे जोडीत पुढची चाल ठरवणारा, पहिल्या तीन मात्रांत आपला डावा हात वर नेतो आणि तेवढ्या खुणेवर जोडीदार ५-६-७ मध्ये उजवीकडे गिरकी घेते. बोलायची गरजच पडत नाही. म्हणून एकमेकांची भाषा न येणारे, पाच मिनिटांपूर्वी भेटलेले दोघं अख्खं गाणं सुखाने नाचतात. हे मला फार मोलाचं वाटतं. फुगडीसारखंच, हात धरला की खेळ सुरू.

बोलीभेद आहेतच. न्यूयॉर्कमध्ये नृत्यशिक्षक एडी टॉरेस यांनी दुसऱ्या मात्रेवरची पद्धत रुजवली. कोलंबियातल्या काली शहराची पावलं अतिशय जलद. क्यूबाच्या ‘रुएदा’त जोड्या गोल करून नाचतात, आणि पुकारणाऱ्याने ‘दामे’, म्हणजे ‘मला दे’, म्हटलं की साऱ्यांचे जोडीदार एकदम बदलतात.

तेव्हा लेखात ‘सोशल डान्स’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘न बसवलेला जोडीनाच’ असा खुलासा करा. मुंबई-पुण्यात नाचणारी मंडळी तर नुसतं ‘सोशल’ म्हणतात: ‘शनिवारी सोशल आहे, येणार का?’ तो शब्दही बिनधास्त वापरा, मात्र तो नाचण्यासाठी जमण्याच्या कार्यक्रमाला आहे, नाचाला नाही. आणि ‘साल्सा’ स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी असला तरी मराठीत ‘तो साल्सा’च कानाला बरा लागतो.