त्रास संपला, मग रडू का येते?

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठींमुळे गेली तीन वर्षे पाळीच्या वेळी अतोनात अंगावरून जाते आणि रक्त कमी झाल्याने सतत गळून गेल्यासारखे वाटते. गोळ्या घेऊन झाल्या, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधनही वापरून पाहिले. आता पुढील महिन्यात पिशवी काढायचे ठरले आहे. मला दोन मुले आहेत, आणखी मूल नको आहे आणि निर्णयाबद्दल तक्रारही नाही. तरीही रात्री झोप लागत नाही. आपण आतून पोकळ होऊ, पूर्वीची मी राहणार नाही, असे काहीबाही मनात येते. घरात सगळे म्हणतात, “आता सुटशील एकदाची.” ते ऐकले की रडू कोसळते. माझ्या मनात काही बिघडले आहे का?

उत्तर : काहीही बिघडलेले नाही. ज्या अवयवाने जीव नकोसा केला तो जाणार म्हणून हायसे वाटणे आणि तोच जाणार म्हणून वाईट वाटणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच दिवशी नांदू शकतात. मूल नको असणे आणि मूल होण्याची शक्यताच संपणे यांतही अंतर आहे. पहिला निर्णय तुमचा होता, दुसरा आजाराने तुमच्या पुढ्यात आणून ठेवला. “सुटशील एकदाची” हे वाक्य मायेपोटीच बोलले जाते, परंतु शस्त्रक्रियेच्या तोंडावर असलेल्या बाईला सर्वाधिक एकटे पाडणारे वाक्य तेच आहे असे माझे मत झाले आहे, कारण ते ऐकल्यावर तिला दुःख बोलून दाखवायला जागाच उरत नाही. घरातील एका तरी व्यक्तीला, जिच्याशी तुमचे पटते तिला, स्पष्ट सांगा की मला सल्ला नको, मी बोलेन ते केवळ ऐकून घे.

बाईच्या मनातील प्रत्येक खळबळीचे खापर गर्भाशयावर फोडण्याची खोड फार जुनी आहे. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. गर्भाशय शरीरभर भटकते आणि म्हणून बाई बिथरते, अशी समजूत प्राचीन ग्रीसमध्ये होती. गंमत अशी की तेच गर्भाशय काढायचे ठरले की मनाचा विषय मात्र कोणी काढत नाही.

आता पोकळ होण्याच्या भीतीविषयी. निरोगी गर्भाशय साधारण मुठीएवढे असते; तुमचे गाठींमुळे वाढलेले असेल. ते काढल्यावर पोटात रिकामी जागा राहत नाही, आजूबाजूची आतडी सरकून ती व्यापतात. स्त्रीच्या शरीराला व मनाला जी संप्रेरके लागतात ती गर्भाशयात नव्हे, तर अंडाशयात तयार होतात. म्हणूनच डॉक्टरांना विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे की माझी अंडाशये ठेवणार आहात की काढणार, आणि का. रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही अंडाशये काढली तर एरवी काही वर्षे घेत हळूहळू येणारी रजोनिवृत्ती एकदमच येते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, घामाने झोपमोड होणे, चिडचिड, उदासपणा हे सारे काही दिवसांतच सुरू होऊ शकते आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अशा वेळी काही विशिष्ट कर्करोगांसारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेनचा उपचार देण्याचा विचार केला जातो. अंडाशये ठेवली तर पाळी थांबली तरी संप्रेरके तयार होत राहतात. मात्र रजोनिवृत्ती थोडी लवकर येण्याची शक्यता असते, आणि पाळीच नसल्यामुळे ती आल्याचे कळत नाही. ‘मला हल्ली काय होते आहे तेच समजत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक स्त्रियांचे कोडे इथेच सुटते.

गर्भाशयमुख ठेवणार का, हेही विचारा, कारण ते राहिले तर त्याच्या कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. नेमके काय काढणार हे संमतिपत्रात लिहिलेले असते. ते शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घाईघाईने सही करून परत देण्यापेक्षा आदल्या भेटीत मागून घ्या आणि सावकाश वाचा. फक्त गाठी काढणे किंवा गाठींचा रक्तपुरवठा बंद करणे हे पर्याय तुमच्या बाबतीत का चालणार नाहीत, हेही एकदा विचारून घ्या. उत्तर तेच राहिले तरी ते कारणासह कळलेले असले, की नंतर रात्री-अपरात्री ‘दुसरे काही करता आले असते का’ हा भुंगा मागे लागत नाही. तुम्हाला पूर्वी कधी नैराश्य आले असेल किंवा त्यासाठी औषधे चालू असतील तर ती गोष्ट लपवू नका. शस्त्रक्रियेआधीचे नैराश्य हे नंतरच्या नैराश्याचे सर्वांत ठळक पूर्वचिन्ह असते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस शरीराचेच असतात. लघवीची नळी, सलाईन, पोटात अडकलेला वारा, खोकला आला की टाक्यांत निघणारी कळ. एक लहानशी उशी जवळ ठेवा आणि खोकताना वा हसताना ती पोटाशी घट्ट धरा. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या रेट्याने उठा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली तर खांदा दुखू शकतो. पोटात सोडलेल्या वायूमुळे श्वासपटलाला त्रास होऊन ती वेदना खांद्यात जाणवते आणि काही दिवसांत थांबते. हे आधी माहीत नसलेल्या बाया हृदयाचेच काही झाले असे समजून घाबरतात.

मन बोलू लागते ते घरी आल्यावर. कारण नसताना रडू येते, कोणी ‘बरी आहेस ना’ विचारले तरी डोळे भरतात. भूल, वेदना, अपुरी झोप आणि रक्तक्षय यांचा त्यात मोठा वाटा असतो. पोटावर छेद घेतला असेल तर पूर्ववत व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे केलेल्या शस्त्रक्रियेत बहुधा लवकर हिंडता-फिरता येते, पण बाहेरच्या छोट्या खुणा पाहून फसू नका, आतले टाके भरून यायला वेळ लागतोच. रोज थोडे चालणे वाढवा, भरलेली बादली मात्र उचलू नका. घरातील कामे कोण काय करणार हे आत्ताच, शस्त्रक्रियेआधी ठरवा. अंथरुणावर पडून दुसऱ्यांना राबताना पाहणे बऱ्याच जणींना वेदनेपेक्षा जड जाते, आणि त्या अपराधीपणापायी तिसऱ्याच आठवड्यात कंबर कसणाऱ्या कमी नाहीत.

ताप, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरी सुजून दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक दिवस तसाच राहिला, कशातच रस वाटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नको असा विचार आला तर त्याच दिवशी.

प्रश्न : माझ्या पत्नीचे गर्भाशय दहा आठवड्यांपूर्वी काढले. तपासणीत डॉक्टरांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले. पण ती मला जवळ येऊ देत नाही आणि विचारले की गप्प बसते. माझे काय चुकते आहे?

उत्तर : ‘सर्व ठीक’ याचा अर्थ जखम भरली आहे, इतकाच. पत्नीला आत काही फाटेल किंवा दुखेल अशी भीती वाटत असेल. अंडाशये काढली असतील तर योनीमार्गाचा कोरडेपणा खरोखरच असू शकतो आणि त्यावर वंगण जेल किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. शिवाय आपण तुम्हाला अपुऱ्या वाटू, ही शंकाही तिला छळत असेल. ती शंका तिने बोलून दाखवण्याची वाट पाहू नका.

धीर देणारी गोष्टही आहे. अमेरिकेतील मेरिलँडमध्ये एक हजाराहून अधिक स्त्रियांचा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संबंधांच्या वेळी दुखण्याची तक्रार शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा बरीच कमी झालेली आणि एकंदर कामजीवन सुधारलेले आढळले. मात्र आधीपासून नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या अडचणी अधिक राहिल्या. तेव्हा पत्नीचे मौन केवळ तुमच्यापुरते आहे की झोप, भूक, बोलणे-चालणे सगळेच मंदावले आहे, हे आधी पाहा. तसे असेल तर तिला डॉक्टरांकडे नेणे हे तुमचे पहिले काम आहे.

एरवी काही दिवस ‘कधी?’ हा प्रश्नच विचारू नका. हात हातात घेण्यामागे पुढची अपेक्षा नाही याची तिला खात्री पटायला वेळ लागेल. संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला जा. समोरासमोर बसून न निघणारे विषय शेजारी चालताना सहज निघतात. आणि तिने तोंड उघडले की लगेच उपाय सुचवायला लागू नका. ही चूक मात्र तुम्ही करत असाल असा मला दाट संशय आहे.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. कर्करोगामुळे गर्भाशय काढावे लागले, मूल नाही. सगळे म्हणतात, जीव वाचला हे काय थोडे आहे? पण मैत्रिणीला बाळ झाले आहे आणि मला तिच्याकडे जाववत नाही.

उत्तर : जीव वाचल्याचा आनंद मानायलाच हवा, असा आग्रह धरणाऱ्यांना तुमचे काय गेले ते दिसत नाही. जे मूल जन्मालाच आले नाही त्याच्यासाठी शोक करायला कोणी तुम्हाला सुतकही देत नाही आणि रजाही. दत्तक घेण्याचा सल्ला लोक लगेच देतील. तो वाईट नाही, पण त्याची वेळ तुम्ही ठरवायची. ‘मुले किती?’ या प्रश्नाला “नाहीत, आणि त्यावर मला बोलायचे नाही” हे उत्तर पुरेसे आहे. आरशासमोर दोन-चार वेळा म्हणून पाहा, म्हणजे ऐनवेळी शब्द अडणार नाहीत. कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकांना हे दुःख नवे नसते, तुमच्या डॉक्टरांकडे त्यांची चौकशी करा. मैत्रिणीला, सध्या येणे जमत नाही आणि का जमत नाही, हे चार ओळींत लिहून कळवा. जावेसे वाटेल तेव्हा जा आणि पंधरा मिनिटांत परत यावेसे वाटले, तर तशा निघून या.