डल्सिमरवर जुने गाणे बसवताना

१८४८ साली प्रसिद्ध झालेले अमेरिकी गीतकार स्टीफन फॉस्टरचे ‘ओ सुझॅना’ तुम्ही डल्सिमरवर (मांडीवर ठेवून वाजवायच्या अमेरिकी तंतुवाद्यावर) आरंभासाठी निवडलेत, हे उत्तम झाले. तारा डी-ए-डी (पाश्चात्त्य स्वरांची नावे; मधली तार ‘ए’) अशा लावल्यात, तर गाण्याची सुरुवात चालीच्या तारेवर आधी मोकळी (न दाबता), मग पडदे (तार दाबायच्या आडव्या पट्ट्या) १, २, ४, ४, ५, ४, २ आणि पुन्हा मोकळी अशी सहज उतरते. अ‍ॅपलेशियन डोंगरांतल्या या वाद्याची गोडी मोकळ्या तारांच्या गुंजनात असल्याने इथे डाव्या हाताने अधिक काही करू नये. धृपद मात्र तिसऱ्या पडद्यावर सुरू होते आणि तिथे मधल्या तारेचा अखंड ‘ए’ कानाला खुपतो (मी तो वर्षभर निमूटपणे सोसला!), म्हणून तेवढ्यापुरती ती तार पहिल्या पडद्यावर दाबावी, म्हणजे ‘जी’चा स्वरमेळ जुळतो.