अलिप्त भारताने मिग का घेतले?

प्रश्न : माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. भारत स्वतःला अलिप्त म्हणवत असतानाच सोव्हिएत बनावटीची मिग विमाने येथे बांधली जात होती, ही विसंगती नव्हती का? परराष्ट्र धोरण अखेर सुरक्षिततेच्या गरजेवरच ठरत असेल, तर राष्ट्राच्या ओळखीची भाषा केवळ भाषणांपुरतीच समजायची का?
– एक वाचक, ओझर (जि. नाशिक)

उत्तर : विसंगती वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तो व्यवहार बारकाईने पाहिला, तर भाषणांतली भाषा करारातही उतरलेली दिसते. ऑगस्ट १९६२ मध्ये मिगचा करार झाला, तेव्हा चीनशी युद्ध पेटलेले नव्हते. पाश्चात्त्य लष्करी करारांत सामील झालेल्या पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ विमाने मिळाली होती आणि त्यांना तोडीस तोड विमान भारताला हवे होते. ही झाली सुरक्षिततेची गरज. मात्र कोणत्याही गटात न जाता, आणि विमान आपल्याच देशात बांधण्याच्या परवान्यासह ते मिळवायचे, हा आग्रह नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेतून आला होता. सोव्हिएत संघाने तो मान्य केला, म्हणूनच विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी उभारणी झाली. आपल्या वडिलांची नोकरी त्या आग्रहातून निर्माण झाली होती, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

संकट गळ्याशी आले की ही ओळख ताणली जाते, हेही खरे. नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी थेट केनेडींकडे हवाई मदत मागितली होती. त्याच महिन्यात ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ आणि संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण पुढे नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये ते शस्त्रसाहाय्यासाठी वॉशिंग्टनलाही गेले आणि मॉस्कोलाही. पराभवाची जखम ताजी असतानाही भारत कोणत्याच लष्करी गटात गेला नाही. केवळ भीतीने धोरण ठरत असते, तर तो गेला असता.

फिनलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या या देशाने १९३९-४० च्या हिवाळी युद्धानंतर मोठा भूभाग गमावला, १९४८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीकरार केला आणि पुढे तटस्थता हीच आपली ओळख मानली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९५ मध्ये तो युरोपीय संघात गेला, पण नाटोबाहेरच राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मे महिन्यात फिनलंडच्या संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी नाटोप्रवेशाच्या बाजूने कौल दिला आणि ४ एप्रिल २०२३ रोजी तो नाटोचा सदस्य झाला. सीमा तीच, शेजारीही तोच. शेजाऱ्याचा धोका नव्याने उघड झाला, आणि आपण दोन गटांमधले तटस्थ राष्ट्र नसून युरोपीय लोकशाही राष्ट्रांपैकी एक आहोत, ही अनेक वर्षे मुरत आलेली जाणीव त्याच वेळी निर्णायक ठरली. यांपैकी एकच कारण असते, तर इतका झटपट आणि इतका एकमुखी निर्णय झाला नसता, असे माझे मत आहे.

राहिला भाषणांचा मुद्दा. सरकारने वर्षानुवर्षे उच्चारलेली भाषा पुढे त्याच सरकारला बांधून ठेवते. युद्धाचा त्याग सांगणारे जपानी राज्यघटनेचे नववे कलम १९४७ पासून लागू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जपानने २०२७ पर्यंत संरक्षणखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले, तेव्हाही शत्रूच्या तळांवर मारा करू शकणारी क्षेपणास्त्रे निव्वळ स्वसंरक्षणाच्या चौकटीत कशी बसतात, हे तेथील सरकारला जनतेला समजावून सांगावे लागले.